शाळेची परीक्षा

आई, आज एका नव्या पशुवैद्यकीय कॉलेजची तपासणी करून आलो. कमिटीत मीही होतो. निघताना तिथला एक विद्यार्थी जिन्यात आडवा आला, म्हणाला, "सर, आमचं कॉलेज पास होईल ना?" त्याचं तोंड बघून तुळजापुरातलं आपलं धुरकट स्वयंपाकघर आठवलं, आणि तू.

तेव्हा आपला जिल्हा नुकताच मुंबई राज्यात आला होता, कचेऱ्यांमधली उर्दू जाऊन मराठी येत होती. मीही परदेशातून जनावरांचा डॉक्टर होऊन आलो होतो, पण नावालाच. मी शिकलो ती तिथली शाळा, म्हणजे कॉलेजच, नवी. तिथल्या डॉक्टरांच्या संस्थेनं तिला अजून मान्यता दिली नव्हती, आणि ती मिळेपर्यंत इथं माझ्या पदवीला कुणी विचारत नव्हतं. दवाखान्यात मी बैलांचे पाय बांधायचो, औषधं खलायचो. सुई टोचायची ती मोठ्या डॉक्टरांनीच. शाळा नापास झाली असती, तर दुसऱ्या शाळेत पहिल्यापासून शिकायला मला पुन्हा समुद्रापार जावं लागणार होतं.

हे सगळं तुला सांगितलं, तेव्हा तू कणकेचा हात तसाच कमरेवर ठेवलास. "पोरांची परीक्षा ऐकलीया. शाळंची परीक्षा कुठं असती व्हय रं?"

"असते. चार माणसं येतात, सगळं बघतात, मग ठरवतात."

"मंग तसं सांग की!" म्हणालीस. आपल्या घरी देवीचे यात्रेकरू उतरायचे. कर्नाटकातलं नवं कुटुंब आलं, की आधी त्यांच्यातलं एखादं जाणतं माणूस चूल, रांजण, मोरी बघून जायचं. पटलं तरच बाकीचे सामान उतरवायचे. त्या माणसाला पाटावर बसवून पोटभर वाढल्याशिवाय तू कधी सोडलं नाहीस. "त्या चौघांना तुझे मास्तर काय वाढत्याल?"

"चहा. बिस्किटं."

"आरं देवा! मंग झालंच कल्याण."

दुसऱ्या दिवशी तू उखळात शेंगदाण्याची चटणी कुटायला बसलीस. डबा मेणकापडात शिवलास, वर कुंकवाची आणि अंगाऱ्याची पुडी, आणि पार्सल आमच्या प्रिन्सिपलच्या नावानं. मी भडकलो. "आई, याला लाच म्हणतात! मला तोंड दाखवायला जागा राहायची नाही."

"पाव्हण्याला जेवू घालणं लाच कवापासून झालं? लई शिकलास. मुकाट्यानं पत्ता टाक."

टाकला. तुझ्यापुढं कधी कुणाचं काही चाललंय का? पुढं महिने गेले. मी उदास दिसलो की तू समजूत घालायचीस, "न्हाय झाली पास, तर जा की परत. तुला तिथं करमतं बी." मी 'हो' म्हणायचो.

आणि मग ती दुपार. कानडी बायकांची पंगत बसलीय, तू पुरणपोळी वाढतेयस, आणि पोस्टमन दारात. प्रिन्सिपलचं पत्र. शाळेला मान्यता मिळाली! खाली त्यांनी लिहिलंय, की कमिटीतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी ती चटणी पावावर चमच्यानं घेतली, डोळ्यांतून धारा लागल्या, तरी परत मागितली.

"बगितलंस?" तू पळी नाचवत ओरडलीस, आणि पंगतीकडं वळून त्यांच्या कानडीत, "पास आयतु! पास झाला!" त्या बायकांना वाटलं, मी मॅट्रिक पास झालो. एक माझ्या मिशांकडं बघून चुकचुकली. तू मात्र सगळ्यांच्या पोळीवर तुपाची आणखी एकेक धार धरलीस. शाळा चटणीनं पास झाली, हे तू शेवटपर्यंत सांगत राहिलीस आणि मी वाद घातला नाही. महिन्याभरात बेंबळी गावच्या एका म्हशीला मी माझ्या स्वतःच्या सहीवर पहिली सुई टोचली.

त्या दुपारी भर पंगतीत मी हमसून रडलो, आठवतं? "येडं हाय, नोकरी लागली म्हणून रडतंय," असं तू बायकांना सांगितलंस. नोकरीचं नव्हतं गं. परत जावं लागणार नव्हतं, म्हणून रडलो. केवढं मोठं ओझं उतरलं होतं! तिथं मला एक दिवसही बरं वाटलं नव्हतं. मी पत्रांतून 'मजेत आहे' लिहायचो, आणि तू ती कुणाकडून तरी गल्लीत सगळ्यांपुढं वाचून घ्यायचीस. आता हे लिहितोय ते तू वाचणार नाहीस म्हणूनच. समोर बसून विचारलं असतंस, तर आजही म्हणालो असतो, मजेत होतो.