काय भरंल, सूनबाई

मामंजी, तुमच्याशी समोर बसून बोलायची सवय मला कधी लागलीच नाही. आत्तासुद्धा लिहायला घेताना आधी डोक्यावर पदर ओढून घेतला आणि मग माझं मलाच हसू आलं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली. घरात माझ्याशिवाय कुणी नाही, खाली पालेभाजीवाली 'कीरै, कीरै' करत चाललीय, आणि मी आपली सासऱ्यासमोर बसावं तशी अंग चोरून बसलेय. माझी शाळा चौथीपर्यंतची. पुढचं सगळं पुड्यांच्या कागदांवरून आणि बसच्या पाट्यांवरून उचललेलं. तेव्हा लिहिण्यात काही वेडंवाकडं झालं तर सांभाळून घ्या. घरात तुम्हाला काही सांगायचं झालं तर मी ह्यांच्याकरवी सांगायची, नाहीतर स्वयंपाकघराच्या दाराआडून. आता ह्यांना मध्ये घालता येणार नाही.

एक काम मात्र असं होतं की ज्याच्यापुरतं आपण बोलायचो. तुम्ही सांगलीकडचे पैलवान. कारखान्याच्या कुस्ती संघासाठी म्हणून तरुणपणी मद्रासला आलात आणि नोकरी संपली तरी गावी परतला नाहीत. मग इथल्या एका कॉलेजचे कोच तुमच्याकडे यायला लागले. वस्ताद अय्या, वस्ताद अय्या करत पेरंबूरच्या आपल्या दोन खोल्यांत ते भिंतीला टेकून बसायचे. शाळेत कुस्ती खेळणारी पंधरा-सोळा वर्षांची पोरं तुम्ही बघायची आणि सांगायचं, कॉलेजात जाऊन अंगानं पुरता भरल्यावर हा पोरगा कोणत्या वजनगटात खेळेल. कॉलेजकडं खेळाडूंच्या जागा बोटावर मोजण्याइतक्या. ज्या गटातला मुलगा शिकून बाहेर पडणार, त्या गटात बसेल असं पोरगं आधीच हेरून ठेवावं लागे. त्सुनामी आली त्याच्या मागच्यापुढच्या वर्षांची गोष्ट. तेव्हा गट होते पंचावन्न, साठ, सहासष्ट आणि तिथून एकदम चौऱ्याहत्तर, मग चौऱ्याऐंशी. सहासष्ट आणि चौऱ्याहत्तरच्या मध्ये जो लोंबकळत राहिला, त्याचे फार हाल. खाली जायचं तर उपाशी राहायचं, वर जायचं तर दांडग्यांच्या तावडीत सापडायचं.

कोच आपले काट्यावर वजन करत, उंची मोजत. तुम्ही पोराची टाच हातात घेऊन बघायचात, खांद्याची रुंदी बघायचात, आणि मग पोराच्या घरी जायचात. पोराचं हाड कळायचं तर आईचं मनगट बघावं लागतं, हे तुमचं ठाम मत. पण परक्या बाईच्या मनगटाकडे बघायचं कसं? तुम्हाला ते मरणाहून वाईट. म्हणून एक दिवस ह्यांना म्हणालात, "तिला म्हणावं, उद्या माझ्यासंगं व्यासरपाडीला चल. तिला तमिळ येतंय." मला तमिळ येत होतं हे खरंच. बाजारात रोज घासाघीस करून शिकले होते. तुमचं तमिळ 'वांग, उक्कारंग' म्हणजे 'या, बसा'च्या पुढं कधी सरकलं नाही.

ते व्यासरपाडीचं घर मला अजून दिसतं. दारातच ती बाई मोगऱ्याचे गजरे ओवत बसलीय. तुम्ही बाहेरच्या बाकावर, पाठ करून. मी तिच्याजवळ जमिनीवर बसते, तिचा हात हातात घेते, बांगड्या किती छान आहेत म्हणते, आणि बोलता बोलता अंगठा आणि मधलं बोट तिच्या मनगटाभोवती फिरवते. बाईला भलताच संशय आला. तमिळमध्ये म्हणाली, "माझ्या थोरलीला बघायला आलात का? आधीच सांगते, आम्ही तुमच्यात मुलगी देणार नाही."

तुम्ही बाहेरून विचारलंत, "काय म्हणतीया?"

"मुलगी देणार नाही म्हणते."

"मागितली कुणी? पोरगं जेवतंय किती ते विचार."

मी हसू दाबत विचारलं. बाईनं कपाळावर हात मारून सांगितलं, की पोरगं तिच्या वाटणीचंसुद्धा खातं. परतताना बसमध्ये मी बायकांच्या बाजूला डावीकडे, तुम्ही मागे पुरुषांत. उतरल्यावर तुम्ही पुढं, मी चार पावलं मागं. मान न वळवता विचारलंत, "काय भरंल, सूनबाई?" मी म्हटलं, "बोटं मिळाली नाहीत." तुम्ही रस्त्यातच थांबलात. "न्हाई मिळाली? मग ह्यो चौऱ्याऐंशीचा." तेव्हा ते पोरगं काडीसारखं होतं, साठला मारूनमुटकून पोचणारं. तिसऱ्या वर्षी ते खरंच चौऱ्याऐंशीत खेळलं. सगळीच पोरं अशी तंतोतंत उतरली असं नाही. काही जण मध्येच कुस्ती सोडून कामाला लागले, एक-दोघांच्या बाबतीत आपण साफ चुकलो. पण मला त्या फेऱ्या आवडायच्या. नवरा गुम्मिडिपूंडीच्या गिरणीत पाळीला, पोरगं शाळेत, सासूबाई मी यायच्या आधीच गेलेल्या. तुम्ही रस्त्यानं चालताना इडलीला शिव्या द्यायचात, "नुसती वाफ, हाडाला काय लागणार" म्हणायचात, आणि मी मागून ऐकत चालायची. दिवसाकाठी माणसाशी झालेलं माझं बोलणं म्हणजे बरेचदा एवढंच.

मग आपल्याच पोराची वेळ आली. तो शाळेच्या कुस्तीत चमकला होता. कोच जेवायला आले, आणि म्हणाले की पुढच्या वर्षी चौऱ्याहत्तरची जागा रिकामी होतेय, सहासष्टला त्यांच्याकडे दोन मुलं आहेत. फी माफ, हॉस्टेल, जेवण. ह्यांच्या पगारात ते कॉलेज आपल्या आवाक्यातलं नव्हतं. "वस्ताद अय्या, तुम्ही सांगाल तसं," ते म्हणाले. पोरगं भिंतीशी उभं. त्याची टाच तुम्ही हातात घेतलीत, खांदे दाबलेत, आणि स्वतःचं मनगट त्याच्या मनगटाशेजारी धरलंत. मी दाराआडून बघत होते आणि माझ्या लक्षात आलं, की आज मनगट बघायला मला कुणी सांगणार नाही. बघायचं होतं ते माझंच होतं.

माझ्या हाताचं तुम्हाला काय सांगू. लग्नात चुडा भरताना कासारीण म्हणाली होती, एवढ्या मापाच्या बांगड्या शाळकरी मुलींसाठी ठेवतो. माझे तिन्ही भाऊ तसलेच, चिवट पण बारीक, वय झालं तरी खांदे काही भरले नाहीत. मी ह्यांना आत बोलावलं. म्हटलं, "त्यांना सांगा, सहासष्टच्या वर जायचा नाही." ह्यांनी बाहेर जाऊन तुमच्या कानाशी सांगितलं. तुम्ही हसलात. तुम्ही हसलेलं मी फार वेळा ऐकलेलं नाही. "आई हाय ती," म्हणालात, "आईला पोरगं बारकंच दिसतंय."

मग मी भाकरी वाढायला स्वतः बाहेर आले. एरवी हे वाढायचे. मी हात लांब केला, जरा जास्तच, बांगड्या कोपराकडं सारून. मामंजी, तुमच्या ताटावर मी माझं मनगट धरलं होतं आणि तुम्ही मान खाली घातलीत. सुनेच्या अंगाकडं बघायचं नाही, ही तुमची रीत. लग्न होऊन आले त्या दिवसापासून तुम्ही ती पाळलीत, आणि त्या रीतीमुळंच मी या घरात निर्धास्त वावरले. त्या दिवशी तेवढी ती मोडली असतीत तर. कोचना तुम्ही म्हणालात, "चौऱ्याहत्तर. हाड आमच्या घरचं हाय." पोराचा चेहरा असा उजळला की मी भाकऱ्यांची टोपली घेऊन आत वळले. त्याला तुम्ही जन्मात शाबास म्हटलं नव्हतं. तो आकडाच त्याची शाबासकी झाला.

पुढची दोन वर्षं घरात खाण्याशिवाय दुसरा विषय नव्हता. सुट्टीला आला की दूध, अंडी, भिजवलेले बदाम. तुम्ही तुमच्या वाटणीचं दूध त्याच्यापुढं सरकवायचात, "मला सोसत न्हाई आताशा" म्हणून. पोरगं मोरीत जाऊन ओकायचं आणि परत येऊन जेवायला बसायचं. काटा सदुसष्टवर, फार तर अडुसष्टवर. "आबा, भरतोय ना मी?" तो विचारायचा, आणि तुम्ही "भरशील, भरशील" म्हणायचात. ऐंशी-ऐंशी किलोची पोरं घाम गाळून चौऱ्याहत्तरला उतरायची आणि हा त्यांच्यासमोर उभा. चपळ होता म्हणून काही कुस्त्या काढल्या. हरला की एग्मोरला रेल्वे फलाटावर बराच वेळ बसून मग घरी यायचा. मला ते फार उशिरा कळलं.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटच्या स्पर्धेत एका दांडग्यानं त्याला उचलून टाकला. खांदा निखळला, आतलं काही तुटलं. फोन आला तेव्हा हे पाळीवर होते, आपण दोघंच रिक्षानं इस्पितळात गेलो. पोरगं आत. दार बंद, पण त्याचं कण्हणं बाहेर ऐकू येत होतं. डॉक्टर येऊन तमिळमध्ये मला म्हणाले, की हात बरा होईल, पण कुस्ती आता नाही. तुम्ही "काय म्हणतायत?" विचारलंत. मी तुम्हाला सांगायला वळले आणि माझ्या डोळ्यांपुढं अंधारी आली. पडता पडता तुम्ही मला धरलंत. हाताला धरलंत, मनगटापाशी.

बाकावर बसवलंत तरी हात सोडला नाहीत. मी डोळे उघडले तर तुम्ही बघत होतात. तुमची बोटं माझ्या मनगटाला वेढा घालून एकमेकांवर चढली होती, आणि तरी मध्ये जागा होती. तुम्ही बोटं सैल केलीत, परत मिटलीत. किती तरी वेळ. नर्स बाजूनं गेली, कुणाचं तरी रडणारं मूल गेलं. मग तुम्ही खालच्या आवाजात म्हणालात, "सहासष्ट." एवढंच. हात माझ्या मांडीवर ठेवलात, आणि तोंड भिंतीकडं फिरवून बसलात.

त्यानंतर कोच आले की तुम्ही डोळ्यांना दिसत नाही म्हणून सांगायचात. दिसत सगळं होतं. गॅलरीतून कोपऱ्यावरची बस कुठली ते तुम्ही ओळखायचात. जेवण कमी झालं. सदरे अंगावर लोंबायला लागले आणि मी ते आत दुमडून शिवत राहिले. पोरानं कॉलेज सोडलं आणि ओरगडमला ट्रकच्या कारखान्यात लागला. दर रविवारी येऊन डाव्या हातानं तुमची दाढी करायचा. त्या दोन वर्षांबद्दल तुम्ही दोघं एक अक्षर बोलला नाहीत. शेवटच्या आजारात तुम्ही त्याचा उजवा खांदा चाचपत होतात. त्यानं शर्ट खांद्यावरून सारून म्हटलं, "नीट आहे आबा, बघा," आणि हात वर करून दाखवला. तो पुरता वर जात नाही हे तुम्हालाही दिसत होतं. तुम्ही मान हलवलीत. त्याच आठवड्यात गेलात.

तुमच्यावर त्याचा राग होता असं समजून तुम्ही गेलात का, हे मला कळलं असतं तर बरं झालं असतं. नव्हता, मामंजी. परवा जेवताना पोटावर हात मारून म्हणाला, "अम्मा, बघ, आता चौऱ्याहत्तर झालो." मी म्हटलं, "याला भरणं म्हणत नाहीत रे, याला सुटणं म्हणतात." हसला. मग ताटात बोट फिरवत बसला आणि म्हणाला, "आबांनी सगळ्यांच्या पोरांना मोजलं. मला मोजलंच नाही." त्यात तक्रार नव्हती. आपल्या वाट्याला काही जास्तीचं आलं होतं, असं सांगणाऱ्या माणसाचा आवाज होता तो. मी भात वाढला. माझ्या मनात भलतंच आलं होतं.

तेच लिहायला बसले होते आणि बाकी सगळं लिहून झालं. चौऱ्याहत्तर म्हणालात त्या दिवशी मला पोराची काळजी वाटली हे खरं, पण आणखीही एक लागलं होतं. माझ्या माहेरचं एक हाडसुद्धा तुम्ही त्याच्यात धरलं नव्हतं. बावीस वर्षं तुमच्या घरात राबले, तुमच्यासाठी दुसऱ्यांच्या आयांची मनगटं चाचपत गावभर फिरले, आणि मी कशी आहे हे तुम्हाला माहीत नव्हतं. माहीत करून घ्यायचं नाही, हीच तर आपली रीत. हे कुणाला सांगण्यासारखं नाही. सासऱ्याला तर नाहीच. म्हणून हा कागद मी फाडून टाकणार आहे, पोराच्या हाती लागायला नको. त्या इस्पितळाच्या बाकावर, दाराआड माझं पोरगं कण्हत असताना, तुम्ही माझा हात धरून बघत बसला होतात, आणि मला, मामंजी, क्षणभर बरं वाटलं होतं.