गजाला चोळलेलं तेल

प्रिय सुमन,

काल मंगळवार होता. दुपारी चार वाजता, पडवीत तुझ्याच खुर्चीत बसून, मी तुझा अर्हू वाजवला. वाजवला म्हणजे एक सूर काढला. पण काढला! मोबाइलवर, तिकडे मलेशियात पेनांगला, तुला शिकवणाऱ्या मेई बाईंनी टाळ्या वाजवल्या, आणि इकडे कुंपणापलीकडून नलूवहिनींनी विचारलं, की भावजी, विहिरीवर पुन्हा रहाट बसवलात का?

हा सूर निघेपर्यंत तुला लिहायचं नाही, असं मी ठरवलं होतं. आता पुरावा हातात आहे. तुला एक कबुली द्यायची आहे, पण तू मला ओळखतेस. मी एकदम मुद्द्यावर येणारा माणूस नाही. आधी थोडं मागचं बोलू दे.

तू शाळेतून निवृत्त झालीस तेव्हा मला वाटलं होतं, आता ही भजनी मंडळात रमेल, लोणची-पापड करेल. तू मंडळात गेलीस, पापडही केलेस, आणि एका दुपारी मोबाइल माझ्या कानाशी आणून म्हणालीस, "ऐका. हे माझ्या आईसारखं गातं. थोडं नाकात." अर्हू, दोन तारांचं चिनी वाद्य! मांडीवर उभं धरायचं, आणि गजाचे केस त्या दोन तारांच्या मधोमध अडकलेले. खाली पट्टी नाही, पडदे नाहीत, बोट तारेवर अधांतरीच टेकायचं. मी म्हटलं, सुमन, हे आपल्या चौलात कोण शिकवणार? तू म्हणालीस, मंगळवारी चार वाजता, मोबाइलवर. तुझं सगळं ठरून झालं होतं. मला फक्त कळवत होतीस.

बोटीवर असलेल्या तुझ्या भाच्याने, संजूने, ते सिंगापुरातून आणलं. अर्हूला अजगराचं कातडं लावतात हे कळल्यावर तू त्याला फोनवर बजावलं होतंस, की नागपंचमीला दूध-लाह्या दाखवणारी बाई मी, अजगर मांडीवर घेऊन बसणार नाही. मग त्याने कृत्रिम कातड्याचं शोधून आणलं. बिचारा तीन दुकानं हिंडला होता.

मी किती चिडवायचो तुला! मांजराची शेपटी दाराखाली आली का, म्हणायचो. तू ढिम्म. मेई बाईंचं इंग्रजी आणि तुझं इंग्रजी यांची गाठ अर्ध्या वाटेत कुठेतरी पडायची, पण दोघींचं सगळं एकमेकींना कळायचं. एकदा वाडीत नारळ धप्पकन पडला आणि त्या दचकल्या, तेव्हा तू त्यांना मोबाइल फिरवून झाड दाखवलंस. दोन वर्षं एकही मंगळवार चुकवला नाहीस. तुला तुझ्या आईचा पाळणा त्या दोन तारांवर बसवायचा होता, आपल्या मंजूच्या बाळाच्या बारशाला वाजवायचा होता. अर्धा बसलाही होता. मांजर हळूहळू गायला लागलं होतं, हे मी तुला कधी सांगितलं नाही. का नाही सांगितलं? उगाच.

मग श्रावणात तुला तो हलका झटका आला. उजवा हात. अलिबागला दवाखान्यात नऊ दिवस. मंजू चार महिन्यांचं पोट घेऊन तुझ्याजवळ बसून राहिली आणि मी घर ते दवाखाना फेऱ्या मारत होतो. घरी आलं की करमायचं नाही. म्हणून एका सकाळी, तुला बरं वाटावं म्हणून, मी तुझं वाद्य साफ करायला घेतलं.

आता कबुली.

मी चौतीस वर्षं डेपोत गाड्या दुरुस्त केल्या. माझं सगळं शास्त्र एवढंच, की कुरकुरलं की तेल. दाराची बिजागरी, शिवणयंत्र, तुझा तो कुरकुरणारा झोपाळा, सगळं मी तेलावरच चालवलं. पेटी उघडली तर गजाच्या केसांवर पांढरी भुकटी. खाली लाकडावरही भुकटी. श्रावणात आपल्याकडे चपलांना बुरशी, पट्ट्याला बुरशी, कपाटातल्या शालूलाही बुरशी. दुसरं काय वाटणार मला? मी ती सगळी कोरड्या फडक्याने निपटून काढली. मग केस हाताला राठ लागले. घोड्याच्या शेपटीचे केस आहेत, हे तूच सांगितलेलं. केसांना तेल लावायचं नाही तर कशाला लावायचं? आपल्याच नारळांचं, घाण्यावरचं तेल घेतलं आणि टोकापासून टोकापर्यंत चोळलं. दोन थेंब नव्हे, चांगलं मुरेपर्यंत. आणि तुला सांगितलं नाही. म्हटलं, बघेल तेव्हा खूश होईल.

तू घरी आलीस. रबरी चेंडू दाबायचीस, ताटातले तांदूळ एकेक वेचायचीस. दिवाळीच्या आत डॉक्टर म्हणाले, हात छान आला आहे. दुसऱ्या दिवशी तू अर्हू मांडीवर घेतलास आणि गज ओढला. गज सरकला, आवाज नाही. पुन्हा ओढला. नुसती फुसफूस.

अकरा दिवस तू प्रयत्न केलास. नीट वाजल्याशिवाय मेई बाईंना तोंड दाखवायचं नाही म्हणून मंगळवारीही मोबाइल लावला नाहीस. मी झोपाळ्यावर पेपर वाचत होतो. अकराव्या दिवशी तू गज खाली ठेवलास आणि म्हणालीस, "हात गेला हो माझा."

आणि मी काय म्हणालो? "या वयात हाताला कशाला ताण देतेस? दोन वर्षं वाजवलंस, पुष्कळ झालं." किती समजूतदारपणे म्हणालो होतो!

त्याच दिवाळीत तू करंज्यांना मुरड घातलीस. एकीची मुरड दुसरीपेक्षा वेगळी ओळखता येऊ नये, अशा. मी त्या खाल्ल्या. ज्या हाताला मुरड जमते त्या हाताला गज का जमत नाही, हा साधा प्रश्न मला पडला नाही. गाडी सुरू होत नसेल तर ड्रायव्हरला दोष देण्याआधी बॉनेट उघडायचं, हे मी डेपोत येणाऱ्या प्रत्येक नवख्याला शिकवलं. घरात मात्र उघडलं नाही.

पण तुझ्यावरही माझा राग आहे, सुमन. मिक्सर बिघडला की हाक मारायचीस. नळ गळला, कुकरची शिट्टी अडकली, चष्म्याची काडी निघाली, की "अहो, बघा हो जरा." त्या अकरा दिवसांत एकदाही ही हाक का नाही मारलीस? या खेपेला दोष थेट स्वतःच्या हातावर का घेतलास? मी वाकून गज नुसता नाकाशी धरला असता तरी वास आला असता!

माघात मंजूच्या बाळाचं, ओवीचं, बारसं झालं. पाळणा कुणाच्या तरी मोबाइलवर लावला होता. मंडळातल्या बायकांना तू हसत सांगितलंस, माझा हात गेला बाई. पाळण्याची दोरी तू डाव्या हातात धरली होतीस. ते मला दिसलं होतं. मग वैशाखात, चहाचा कप ठेवता ठेवता, तूच गेलीस.

परवाच्या फाल्गुनात मंजू म्हणाली, बाबा, ते वाद्य एखाद्या क्लासला देऊन टाका. मी पेटी खाली काढली. देण्याआधी मेई बाईंना कळवावं म्हणून निरोप धाडला. त्यांना तू गेल्याचं ठाऊकच नव्हतं. उत्तर आलं, की मंगळवारी चार वाजता तुम्ही बसा. मी मनात म्हटलं, सहा सिलिंडरचं इंजिन उतरवणाऱ्याला दोन तारा काय जड? उंटावरचा शहाणा तो मीच. तीन मंगळवार त्यांनी मला नुसतं ताठ बसायला आणि बोटाने तार छेडायला लावलं. चौथ्या मंगळवारी म्हणाल्या, आता गज ओढा.

फुसफूस.

दाबा, म्हणाल्या. दाबलं. मनगट बदला, म्हणाल्या. बदललं. मग त्यांनी गज मोबाइलजवळ धरायला सांगितला. केस पिवळे पडून एकमेकांना चिकटले होते. याला काय लावलंय, असं त्यांनी विचारलं. मी छाती पुढे काढून सांगितलं, शुद्ध खोबरेल, आमच्या वाडीतलं. त्यांनी दोन्ही हात तोंडावर घेतले. मग समजावलं, की ती पांढरी भुकटी राळेची असते. केसांनी तार धरून ठेवावी म्हणून ती मुद्दाम घासतात. तेल लागलं की केस तार धरत नाहीत, नुसते घसरतात.

मी हसलो. म्हटलं, माझ्या हातून व्हायचं ते झालं, आता धुऊन टाकतो. त्या हसल्या नाहीत. तेल कधी लावलंत, असं विचारलं. मी सांगितलं, सुमन दवाखान्यात होती तेव्हा.

त्या म्हणाल्या, "म्हणजे तिचा हात बरा होता."

सुमन, त्या क्षणी मी जे बसलो ते बसलोच. मोबाइल आपोआप बंद झाला तरी बसलो होतो.

तेलकट केस पुन्हा कामाचे नाहीत, नवा गज यायला महिना लागेल, असं त्यांनी नंतर कळवलं. महिना? मी कुठली गाडी महिनाभर उभी ठेवली आहे? सकाळी उठून अलिबागच्या किनाऱ्यावर गेलो. तिथे घोडागाडीवाला भेटला. त्याच्याकडे शेपटीचे केस मागितले तर तो दोन पावलं मागे सरला. "काका, करनी-बिरनीचा काम न्हाय ना?" म्हणाला. मी म्हटलं, बायकोच्या वाद्याला हवेत. तिचं वाद्य मी बिघडवलं आणि ती गेली, आता नीट करायचं आहे. त्याने मग पांढऱ्या घोड्याच्या शेपटीची बट स्वतः कापून, रुमालात बांधून दिली.

रिठ्याने धुतली, सावलीत वाळवली, फणीने सरळ केली. गजाच्या काठीला बांधताना दोन वेळा गाठ सुटली, तिसऱ्यांदा बसली. मेई बाई म्हणाल्या, कारागिराचं काम आहे. मग! तुझ्या पेटीत राळेचा खडा होता, तुझ्या घासण्याने मधोमध खोल चर पडलेला. तो मी नव्या केसांवर घासला, अर्धा तास, हात भरून येईपर्यंत.

आणि काल तो सूर निघाला. डेपोत पाने फिरवून राठ झालेल्या माझ्या हाताने, चार-सहा मंगळवारांच्या शिकाऊ हाताने, पहिल्याच ओढीला. मग दोन वर्षं मुरलेल्या तुझ्या हाताने काय निघालं असतं! त्याचाच विचार करत मी कालची संध्याकाळ काढली.

मंजूला फोन करून सगळं सांगितलं. तिने फोन ठेवून दिला. तासाभराने तिचाच आला. "मला तुमचा खूप राग आलाय, बाबा. पण ते वाद्य कुणाला देऊ नका." मी म्हटलं, देत नाही.

पुढच्या महिन्यात तुझं वर्षश्राद्ध. मंजू ओवीला घेऊन येईल, मंडळातल्या सगळ्याजणी जेवायला येतील. तेव्हा पाळणा पुरता बसलेला नसेल, पहिल्या दोन ओळी येतील आणि त्याही वाकड्या. मी त्या वाजवणार आहे. लाजणार नाही, तू मला लाजताना कधी पाहिलंयस? आणि वाजवून झालं की पानं वाढण्याआधी उभा राहून प्रत्येकीला ऐकू जाईल असं सांगणार आहे. सुमनचा हात शेवटपर्यंत बरा होता. तिच्या नवऱ्याने गजाला तेल चोळलं होतं.

तुझाच,
मधुकर