खाऱ्या पाण्याचा कौल

२ मे, नवीन जालना

पोहोचले. अलिबागला वाढलेली बाई समुद्र सांभाळायला जालन्यात आली, या विचारानं गाडीत एकटीच हसत होते. इंद्रभानजी स्वतः स्टेशनवर आले होते. कपाशीच्या बियाण्याचा त्यांचा मोठा व्यवसाय आहे, पण माझी बॅग त्यांनी दुसऱ्या कुणाला उचलू दिली नाही. वाटेत म्हणाले, "आमच्या बापानं मेंढरं राखली मॅडम, मी मासे राखून राह्यलो. मेंढरं ओरडायची तरी. हे एक आणला की एक गायब होऊन राह्यले, अन् आवाज बिलकुल न्हाई."

बंगला नवा आणि हवेशीर आहे. दिवाणखान्यात भिंतभर काचेची टाकी. आत जांभळी-हिरवी प्रवाळं, समुद्रातून आणलेल्या जिवंत खडकांची एक छोटी टेकडी, आणि पाणी गार ठेवणाऱ्या यंत्राची अखंड गुणगुण. पुण्यात इतकी वर्षं लोकांच्या टाक्या सांभाळल्या, इतकी देखणी क्वचितच पाहिली. माझं काम असं: मासे का नाहीसे होतात ते शोधायचं, एक नवा मासा निवडून आणायचा, आणि टाकी कशी राखायची ते घरच्यांना शिकवायचं.

घरात त्यांची पत्नी सत्यशीला, आई आसराबाई आणि सात वर्षांची मुलगी शिवकन्या. शाळेला सुट्टी आहे, त्यामुळे शिवकन्या लगेच माझ्या मागेमागे. तिचा पहिला प्रश्न: खाऱ्या पाण्यात राहून माशांना तहान लागत नाही का? खूप चांगला प्रश्न आहे, आणि उत्तर लागते असंच आहे, हे सांगितल्यावर तिनं मला रूपालीमावशी करून टाकलं.

आसराबाई मात्र टाकीवर नाराज दिसल्या. नळाला आठवड्यानं पाणी येतं. माणसं टँकरचं पितात आणि मासे फिल्टरचं, असं म्हणत त्यांनी लेकाकडे पाहून टोमणा मारला, "पुढल्या जन्मी मी तुझ्या घरचा मासाच व्हते रे बाबा." सगळे हसले. मीही.

५ मे

दोन दिवस नुसतं निरीक्षण केलं. क्षारता, तापमान, सगळं योग्य. मासे थोडेच उरलेत: जोकर माशांची जोडी, एक पिवळा टँग, दोन निळे डॅमसेल. सगळे निरोगी आहेत. मग जातात कुठे? काटासुद्धा मागे राहत नाही. माझा संशय खडकावर आहे. समुद्रातून आलेल्या खडकाच्या भेगेत कधीकधी एखादी शिकारी जात लपून येते. बाटलीचा सापळा करून आत कोळंबीचा तुकडा ठेवला आहे.

नवा मासा निवडणं वाटतं तितकं सोपं नसतं. शिवकन्येला फोनवरच्या चित्रातला निळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा मोठा मासा हवा होता. तो प्रवाळं कुरतडतो, म्हणून नाही. दुसरा शांत होता, पण टँगनं त्याला छळलं असतं. मासा घराला शोभून चालत नाही, आधीच्या बिऱ्हाडाशी त्याचं पटावं लागतं. सत्यशीला म्हणाल्या, हे तर सून आणण्यासारखंच झालं. मग सासूबाईंकडे बघून पदर तोंडाला लावला.

शेवटी एक गोबी निवडला. तळाशी वाळूत बसणारा, कुणाच्या वाटेला न जाणारा. मुंबईच्या व्यापाऱ्याला कळवलं. कळवून झाल्यावर नेहमीचा प्रश्न मनात आला. हा मासा कुठल्या तरी बेटाजवळ वाळूत सुखानं बसला असेल. कुणाच्या तरी दिवाणखान्यासाठी त्याला उपसून आणायचा अधिकार मला कुणी दिला? बारा वर्षं हा प्रश्न पडतो आणि बारा वर्षं मी पगार घेते.

८ मे

गोबी काल थर्माकोलच्या खोक्यातून सुखरूप आला. बादलीत ठेवून थेंबथेंब टाकीचं पाणी घालत त्याला सवय केली आणि सोडला. आज सकाळी जोकरांच्या जोडीतला एक नाही. सापळा रिकामाच.

इंद्रभानजी म्हणाले, खर्च्याची फिकीर करू नका, दुसरा मागवा. मी हो म्हटलं. का म्हटलं?

९ मे

दुपारी आसराबाईंशी बोलत बसले. घनसावंगीकडे, गोदाकाठच्या गावात, त्यांचं आयुष्य मेंढरांमागे गेलं. मी माझी टोचणी त्यांना सांगितली, की मुका जीव आपण त्याला न विचारता आणतो आणि मरायला सोडतो. त्यांना नवल वाटलं. त्यांच्यात विचारल्याशिवाय देत नाहीत म्हणे. देवाला बोकड द्यायचा तर त्याला उभा करतात, देवाचं नाव घेतात, पाठीवर पाणी शिंपडतात आणि गप बसून राहतात. बोकडानं आपणहून अंग झाडलं, थरारला, तर तो कौल. देवानं मान्य केलं आणि त्यानंही. नाही झाडलं तर पुन्हा पाणी, पुन्हा थांबणं. आपलं काही चुकलं-माकलं असेल तर ते मोठ्यानं कबूल करायचं. कितीही वेळ लागो. म्हणाल्या, "तवर चुलीवर पातेलं बी चढत न्हाई."

मला ते फार सभ्य वाटलं. आमच्या धंद्यात इतकी सभ्यता नाही.

१२ मे

आज दुसरा मासा आला, लाल-पांढरा, छोटा. त्याला सोडायच्या आधी मी एक गोष्ट केली. इथे खरं लिहायला हवं.

मी त्याला विचारलं.

पाण्यातल्या जिवावर पाणी शिंपडून काय कळणार? म्हणून जाळ्यात घेऊन क्षणभर बाहेर धरला, टाकीतल्या पाण्याचे थेंब त्याच्या पाठीवर टाकले आणि मनात म्हटलं, चालेल का तुला? तो फडफडला. अर्थात फडफडला, पाण्याबाहेर काढलेला कुठलाही मासा फडफडतो. तो कौल नव्हता, त्याचा श्वास कोंडला होता. हे मला माहीत होतं. तरी मी तो होकार धरला आणि मासा आत सोडला. मला हलकं वाटलं.

संध्याकाळी आसराबाईंना हसत हसत सांगितलं. त्या हसल्या नाहीत. जबरीचा होकार आहे तो, म्हणाल्या. मग विचारलं, "कुनाच्या नावानं इचारलंस?"

मी म्हटलं, नाव कुणाचंच घेतलं नाही.

त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवलं. "बिननावाचं इचारलं पोरी, तर जो जवळ असंल त्यो ऐकतो."

१३ मे

एकही मासा गेला नाही. सगळे आहेत, पण कुणी खात नाही. सगळे वर, पाण्याच्या पृष्ठभागाशी, दिवाणखान्याकडे तोंड करून थांबलेत.

जेवताना इंद्रभानजींच्या सदऱ्यावर, पाठीवर मधोमध, तळहाताएवढा ओला डाग दिसला. घाम म्हणून त्यांनी सोडून दिलं. वाळल्यावर तिथे पांढरा क्षार उरला होता. मी बोट लावून चाखलं. घामाचा खारटपणा वेगळा. टाकीच्या पाण्याची चव मी बारा वर्षं ओळखत आले आहे.

१४ मे

सकाळी सत्यशीलांच्या ब्लाउजवर तोच डाग, त्याच जागी. दुपारी माझ्या पाठीवर. मी टाकीपासून दूर होते, स्वयंपाकघरात. गार पाणी, कुणीतरी ओंजळीनं घालावं तसं, आणि त्यानंतर — कुणीतरी वाट बघत असल्यासारखी शांतता. यंत्राची गुणगुणही त्या वेळी ऐकू आली नाही. मला काही झालं नाही. मी थरारले नाही.

आसराबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी ते पाहिलं. म्हणाल्या, "तुला नगं म्हनतंय."

मला सुटल्यासारखं वाटलं. मग त्याची लाज वाटली.

त्यांना विचारलं, हे आहे तरी कोण? त्यांना माहीत नाही. गोदावरीच्या डोहातल्या आसरा, पाण्यातल्या देवी, त्यांना ठाऊक आहेत, नावही त्यांचंच ठेवलेलं. पण त्या गोड्या पाण्याच्या. "खाऱ्या पान्यात कोन ऱ्हातं, मला काय ठाऊक? पन इचारायची रीत त्याला तू शिकवलीस."

१५ मे

शिवकन्येचा फ्रॉक. पाठीवर, मधोमध.

तिनं मागे वळून पाहिलं, कुणी खोडी काढली म्हणून हसली आणि पळाली. ती थरारली नाही. अजून नाही.

दिवसभरात परत. आणि परत. बाकी कुणाच्याच पाठीवर आता पाणी येत नाही.

मी इंद्रभानजींना सगळं सांगितलं. आधी म्हणाले, शिकलेल्या बाई तुम्ही, पाइप गळत असंल. मग मुलगी अंगणातून आली, कडकडीत उन्हातून, कोरड्या केसांनी, आणि पाठ भिजलेली. ते तिला जवळ घेऊन फ्रॉक पिळत बसले.

१६ मे

सत्यशीला मुलीला घेऊन घनसावंगीला माहेरी गेल्या. आम्ही टाकी रिकामी केली. मासे पिंपात, प्रवाळं दुसऱ्या पिंपात. खडक बाहेर काढून फोडला.

एका भेगेत सापडली. अंगठ्याएवढी, कोळंबीसारखी, ठोसा मारून शिकार करणारी जात. म्हणजे मासे हीच खात होती. माझा पहिला संशय बरोबर होता. इंद्रभानजींनी सुटकेचा श्वास टाकला, माझी पाठ थोपटली.

मी हातोडा खाली ठेवला. मासे हिनं खाल्ले असतील, तर टाकीत दुसरं काही नव्हतंच. मी विचारेपर्यंत नव्हतं.

संध्याकाळी फोन आला. पोरीची पाठ ओली. तिथेही.

१७ मे

टाकी कोरडी. काचेवर मीठ. तरी फोन. सकाळी, दुपारी. सत्यशीला आता कपडे बदलत नाहीत, नुसतं पुसतात. म्हणाल्या, पोरगी आता हसत नाही, पाणी पडलं की गप उभी राहते. कान देऊन.

बोकडाला सोडत नाहीत. कौल मिळेपर्यंत पुन्हा पाणी, पुन्हा थांबणं. मीच लिहून ठेवलं होतं — सभ्य वाटलं म्हणून.

इंद्रभानजी पुण्याहून डॉक्टरांना घेऊन तिकडे जायला निघाले. निघताना माझ्याकडे न बघताच गाडीत बसले. रागावले असते तर बरं झालं असतं.

आसराबाईंना म्हटलं, माझ्या पाठीवर घाला. तुमच्या हातानं. निवडायचं काम माझं होतं. मी मला निवडते.

त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवला. नको म्हणाल्या नाहीत. नात आहे त्यांची.

१८ मे, दुपार

रिकाम्या टाकीकडे पाठ करून जमिनीवर बसले आहे. पिंपातलं खारं पाणी तांब्यानं घातलं त्यांनी. या वेळी नाव घेतलं. माझं. दुसरं कुणाचं घेणार?

आता हलायचं नाही. अंग आपणहून झाडलं पाहिजे. लिहिते आहे ते एवढ्यासाठी, की थरथर आली तर अक्षरात दिसेल.

फोन समोर, आवाज मोठा केलेला. तिकडे सत्यशीला पोरीला मांडीवर घेऊन अंगणात बसल्यात. सावलीत तिला पाणी लगेच गार लागतं, शहारा येईल, म्हणून उन्हात. इंद्रभानजींची गाडी अजून वाटेतच.

पाणी कण्यावरून खाली गेलं. कमरेपाशी थांबलं.

काही नाही.

दुसरा तांब्या.

आसराबाई म्हणतात, चुकलं-माकलं बोल. बोलले. जाळं. फडफड. तो होकार. हलकं वाटलं तेही. त्या दिवशी सुटल्यासारखं वाटलं तेही —

अक्षर सरळ आहे.

घे ना. मी हो म्हणते आहे. कुणी धरलेलं नाही मला, पाण्याबाहेर काढलेलं नाही, मी आपणहून —

म्हणते आहे का? खरंच? अगदी तळाशी काहीतरी मागे सरतंय. नको म्हणतंय. मला ऐकू येतंय, तर त्यालाही —

तिसरा तांब्या. आसराबाईंचे हात कापताहेत. माझे नाहीत. बघ, अक्षर बघ —

यंत्र बंद आहे, तरी गुणगुण होती खोलीत. आत्ता थांबली.

शिवकन्या तिकडे काहीतरी सांगत होती. तीही थांबली.

सत्यशीला विचारतात, मॅडम, एवढ्या उन्हात पोरीचं अंग असं काय —

सरळ. अजून सरळच येतं आहे अक्षर, देवा, एक तरी रेघ वाक