उजवी कटोरी उलटी हाय

मु. चिंताकी, जिल्हा बीदर
माहे बहमन, फसली १३४८

उमाजी अण्णा यांस चिंताकीहून हरिबाचा दोन्ही हात जोडून दंडवत. इकडं मी, आई आन दोन्ही बैल खुशाल हावोत. बिघाड हाय तो फकस्त सायकलीत. तुमचा गुडघा आता कसा हाय, शेळ्या व्याल्या का, ते कळवावं. आन तुमची धाकटी बहीण सुभद्रा (म्हंजे आमचं कुटुंब) तिकडं पोटभर जेवती का, तेबी लिहावं. तिनं विचारलं तर मी काय विचारलं न्हाई म्हणून सांगा.

पत्रास कारण एवढंच की सायकलीला कोणतं बाटम घ्यावं याचा सल्ला पाहिजे. बाटम म्हंजे दोन पायडलांच्या मधातली नळी. तिच्यातून लोखंडाचा आस जातो, आसाच्या दोन टोकांना पायडलाच्या दांड्या, आन आस डुगडुगू नये म्हणून नळीच्या दोन्ही तोंडांना आट्यांची एकेक कटोरी, कटोरीत छर्रे. (हे समदं मला महिन्याभरापूर्वी ठाऊक नव्हतं. तवा मी सुखी होतो.) महिन्याभरापूर्वी पायडल मारलं की आतून कट्ट वाजायला लागलं. दुसरा माणूस तेल घालून गप बसला असता. मला मात्र आत काय वाजतंय ते बघितल्याबिगर चैन पडेना. दांड्या काढल्या, डावी कटोरी काढली, ती सुखानं निघाली. उजवी काय केल्या हलेना.

म्हणून बीदरला वीरण्णा मिस्त्रीला कार्ड टाकलं. वीरण्णा शिकलेला उर्दू शाळेत, त्यानं उत्तर उर्दूत धाडलं: दाहिनी कटोरी उल्टी है, समझ के खोलना. आता अण्णा, घोळ या ‘समझ के’ नं केला. मी नुसतं वाचलं असतं तर निभावलं असतं, मी समजायला गेलो. मी असा विचार केला, की उर्दू लिहिणाऱ्याचा हात उजवीकडून डावीकडं चालतो. तीच त्याची सुलटी बाजू. मग त्याची जी उलटी ती आपल्या मऱ्हाटी माणसाची सुलटी! म्हंजे वीरण्णाची उलटी कटोरी आपण सरळ फिरवायची. हा शोध लागला तवा मला इतका आनंद झाला, की मी आईला दोनदा समजावून सांगितला. (तिनं दोन्ही वेळा व्हय म्हणलं.)

सुभद्रा तवा ओसरीवर टकळी फिरवायली होती. तिनं कटोरीच्या कडेला दिसणारा आट्याचा एक वेढा बघितला आन म्हणली, ह्यो डावा पीळ हाय, उलट फिरवा. मी म्हणलं, तुला लिपीतलं काय कळतंय? ती म्हणली, लिपीतलं न्हाई, पिळातलं कळतंय. आन टकळीला परत गिरकी दिली. मी पान्याच्या दांडीत सबल घातली, शेजारच्या गुंडप्पाला बोलावलं, दोघांनी मिळून जोर लावला. कटोरी फिरली व्हय, पण आतल्या बाजूला! आम्ही तिला सोडवत नव्हतो, आवळायलो होतो. गुंडप्पा पाठ धरून घरी गेला, तो अजून माझ्याशी बोलत न्हाई. सुभद्रा मोठ्यानं हसली. मला राग आला, आन नको ते बोललो. धनगराच्या पोरीनं लोकर कातावी, लोखंडात तोंड घालू नये, असं बोललो. (आपणबी तेच, माझा आजाबी मेंढरामागंच फिरला, हे मला बोलून झाल्यावर आठवलं.) दुसऱ्या दिवशी ती माहेरी, तुमच्या कल्याणीच्या गाडीत बसली. जाताना एकच बोलली: उजवी कटोरी कोणीकडं फिरती ते कळलं, की या न्यायला.

तर सल्ला असा पाहिजे. वीरण्णा लिहितो, कटोरी निघतच नसंल तर नवं बाटम बघावं लागंल. विलायती घेतलं तर उजवी बाजू उलटी, डावी सुलटी. दुसऱ्या एका मुलखाचं येतं, त्यात दोन्ही बाजू सुलट्या, डोक्याला ताप न्हाई; पण आपल्या नळीचे आटे विलायती, त्यात ते जबरीनं घातलं तर नळीच फाटंल. तुमी कल्याणीत रोज सायकली बघता, कामून हे विलायतेचे लोक एकच बाजू उलटी करतात, हे कुणाला इचारून कळवा. मी सायकल उपडी ठेवून एक आख्खी दुपार हातानं पायडल फिरवून बघितलं. माझ्या अकलेनं बघितलं तर आसासंगं ओढून उलटी कटोरी सैल व्हायला पाहिजे. ती तर आवळून ऱ्हाती म्हणे! हे कोडं काय सुटंना. सुटंपर्यंत मला भाकर गोड लागायची न्हाई. तसं ती सध्या आईच्या हातची हाय, तेबी एक कारण असंल.

वहिनींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

तुमचा
हरिबा

ता. क. बाटमाची चौकशी करू नका. कटोरी बिस्तरवारी निघाली. सुभद्राच्या हातची शेळीच्या केसाची दोरी खुंटीला होती, ती आट्याशेजारी धरून बघितली. दोन्हींचा पीळ एकच, डावा. उलट फिरवली, सबलीचा एक हिसका बसला आन पुढं बोटानं निघाली. छर्रे पुसले, तेल घातलं, आता कट्ट वाजत न्हाई. घरात दुसरंबी काय वाजत न्हाई. लई वंगाळ वाटतं, अण्णा.

आणखी ता. क. वरचं पत्र तिला वाचून दाखवू नका, खास करून लिपीचा भाग. एवढंच दाखवा: हरिबाला कळलं, तू बरोबर होतीस, तो सोमवारी त्याच सायकलीवर न्यायला यायलाय.

शेवटची ता. क. तिनं सायकल चांगली झाली का म्हणून विचारलं, तर न्हाई म्हणा. उजवी कटोरी मी दोन आटे सैल ठेवलीय. तेवढ्यावर कल्याणीपर्यंत पोचतो. पुढं ती तिनं आवळावी.