कट नसलेले एकोणीस सेकंद

४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास, अ. उ. आ.

पत्र पाहून दचकू नकोस. फोनवर तू नुसतं ‘हं, हं’ करतोस आणि तुझ्यामागे कुणाचं तरी एकच वाक्य दहादा वाजत असतं. पत्र वाचताना तरी कानांना सुट्टी मिळेल.

तो माहितीपट गेल्या महिन्यात टीव्हीवर लागला. एकमेकांवर गाणी रचणारी पोरं शेवटी एकमेकांच्या जिवावर कशी उठतात, असा विषय. त्यात माझा भोंग्या आहे, त्याच्या हातून जीव गेलेला तो दुसरा मुलगा आहे, आणि मी आहे. आमच्या चष्म्याच्या दुकानात नंबर तपासायला येणाऱ्या बायकांना फळ्यावरची वरची ओळही दिसत नाही, पण मला मात्र बिनचष्म्याच्या ओळखतात.

त्याचं मला काही नाही. पण सुधारगृहातही तो सगळ्या मुलांना दाखवला, आणि तेव्हापासून भोंग्या मला भेटत नाही. दोन शनिवार भेटीच्या खोलीत बसून परत आले. तिसऱ्या शनिवारी पहारेकऱ्याने त्याची चिठ्ठी आणून दिली. मला माहीत होतं तर मी त्याला थांबवलं का नाही, एवढंच तीत विचारलं होतं.

सिनेमात तो काढणाऱ्या बाई विचारतात, त्या दिवशी तो सुरा घेऊन निघालाय हे मला माहीत होतं का, आणि मी म्हणते की हो, माहीत होतं. धाकट्या, मी असं म्हटलेलं नाही. तो गाणी करतो हे माहीत होतं का, असं त्यांनी विचारलं होतं, त्याचं ते उत्तर. बाई तीनदा घरी आल्या, गोड बोलल्या आणि इथलं तिथे चिकटवून मोकळ्या झाल्या.

तू आयुष्यभर स्टुडिओत लोकांची वाक्यं कापलीस आणि जोडलीस. हा सिनेमा तपास आणि भोंग्याला लिही की हे आईच्या तोंडी घातलंय. माझं तो ऐकणार नाही, मामाच्या कानांवर त्याचा विश्वास आहे. मे महिन्यात तो अठराचा होईल, मग त्याला अठरावरच्यांच्या सुरक्षागृहात हलवतील, फार लांब. त्याआधी त्याने माझ्याशी बोलावं, एवढंच मला हवंय.

वेळेवर जेवत जा. लोभ आहे तो आटू देऊ नकोस.

तुझी ताई


१९ फेब्रुवारी

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

उशीर झाला म्हणून कान पिरगाळू नकोस, त्यांच्यावरच माझं पोट आहे.

सिनेमा पाहिला. आधी आवाज बंद करून, मग चित्र झाकून, मग दोन्ही एकत्र. बाई हुशार आहेत आणि लबाडही. सुरुवातीला पोरं जिना उतरतात ना, ती साधीच उतरत होती. चित्र संथ केलंय आणि खाली एक जड ठोका घातलाय, म्हणून ती टोळी वाटते. आवाज काढला की क्लासला निघालेली पोरं दिसतात. मग भोंग्याच्या मुठीत माइक आणि त्याला लागूनच पोलिसांच्या टेबलावरचा सुरा. मधे काहीच नाही, त्यामुळे आपण न सांगता दोन्ही एकाच मुठीत बघतो. तू खिडकीशी बसून मान डोलावतेस तेही दुसऱ्याच दिवसाचं आहे. तुझे केस आधी ओले आहेत, मग वाळलेले, मग पुन्हा ओले.

गाण्याचं सांगावं की नाही कळत नव्हतं. शेवटी धमकी म्हणून भोंग्याचं जे गाणं वाजतं, ते मीच तीन वर्षांपूर्वी त्याला साफ करून दिलं होतं. मूळ माझ्याकडे आहे. थट्टेचं गाणं ते, भरधाव म्हटलेलं. बाईंनी वेग उतरवून आवाज घोगरा केला आणि शेवटचे चार सेकंद कापले. त्या चार सेकंदांत दोन मुलं खो खो हसतात. एक आपला भोंग्या आणि दुसरा तो. तेव्हा त्यांचं गूळपीठ होतं. तो मुलगा गेला आणि त्याचं हसणं माझ्या कपाटात पडून होतं, मला पत्ताही नव्हता.

आता तुझं वाक्य. तुझ्यामागे कपडे धुण्याचं मशीन चालू आहे. आमच्या धंद्यात असं मशीन म्हणजे साक्षीदार. बोलणं कुठेही कापा, मागची घरघर तिथे अडखळतेच, मग कितीही सफाईने जोडा. बाई सुऱ्याचा प्रश्न विचारतात. मग एकोणीस सेकंद तू गप्प आहेस. मग तू हो म्हणतेस. प्रश्नापासून उत्तरापर्यंत मशीन एकसारखं मंदावत जातं, एकही धक्का नाही. संगीत नाही, चित्र हललेलं नाही. ताई, अख्ख्या सिनेमात बाईंनी फक्त इथेच कशालाही हात लावलेला नाही.

चाळीस वेळा ऐकलं, कुठे तरी चुकत असेन म्हणून. तुझा श्वाससुद्धा मला पाठ झालाय.

भोंग्याला अजून काही लिहिलेलं नाही. तू म्हणालीस तर लिहीन की तिथे कट आहे. लहानपणी तुझ्यासाठी कमी थापा मारल्या नाहीत. पण तो माझ्यावर विश्वास ठेवेल, याचीच मला भीती वाटते.

माझ्यावर रागाव, पण माया पातळ करू नकोस.

तुझा धाकटा


२६ फेब्रुवारी

चि. धाकट्यास, अ. उ. आ.

दोन दिवस तुझ्यावर धुसफुसत होते. तिसऱ्या दिवशी राग धरायला जागाच उरली नाही.

हो, मला माहीत होतं. त्या दुपारी तो आत नवं गाणं म्हणत होता. त्यात त्या मुलाचं नाव होतं, पूल होता आणि संध्याकाळी सहाची वेळ होती. नेहमीच्या शिव्या नव्हत्या, ठरलेलं काम सांगावं तसं होतं. स्वयंपाकघरातला मोठा सुरा दोन दिवस जागेवर नव्हता. मला सगळं कळलं आणि मी स्वतःला समजावलं की गाणी अशीच असतात, काही बोलले तर पोरगा घर डोक्यावर घेईल. तो निघाला तेव्हा रुमाल घेतलास का, एवढंच मी विचारलं.

बाईंना सांगून बसले, कारण त्या परक्या होत्या आणि घाई करत नव्हत्या. नंतर मी असं बोललेच नाही, हे मला स्वतःला खरंच पटलं होतं. तुला फसवायचं म्हणून लिहिलं नव्हतं रे.

दुकानात समोरचा माणूस फळ्यावरची अक्षरं वाचतो आणि मला त्या मुलाचं नाव ऐकू येतं, भोंग्याच्या आवाजात, ठोक्यावर. रोज. हे कुणाला सांगू?

तू खोटं लिहू नकोस. येत्या शनिवारी मी जाते आणि मला माहीत होतं असं चिठ्ठीत लिहून आत पाठवते. आला तर आला.

पाठीशी राहा.

तुझी ताई


११ मार्च

चि. धाकट्यास, अ. उ. आ.

चिठ्ठी आत गेली आणि तो आला. दोन महिन्यांतच उंच वाटला, मिसरूड दाट झालंय. तुला लिहिलं होतं तेवढं सगळं त्याला सांगितलं. त्याने मान वर केली नाही, पण उठूनही गेला नाही.

मग तो बोलायला लागला. गाणं करताना तो नेहमी दार लावायचा आणि फटीत चादर कोंबायचा, घरातला आवाज आत येऊ नये म्हणून. तूच शिकवलेलं. त्या दुपारी त्याने दार मुद्दाम सताड उघडं ठेवलं होतं. दोस्तांना नाही म्हणायची त्याची छाती नव्हती. म्हणून नाव आणि वेळ तो तीन-तीनदा मोठ्याने म्हणत राहिला. आई ऐकेल, आत येईल, मारेल, कोंडून घालेल. आई आली तर जायचं नाही, असं त्याने ठरवलं होतं.

पण मधेच वाऱ्याने दार लागलं, असं तो म्हणाला. तेव्हा त्याला वाटलं की आपलं बाहेर काही पोचलंच नाही. सिनेमा बघेपर्यंत तो हेच धरून बसला होता. जाताना म्हणाला की वाऱ्याने घात केला, दार उघडं राहिलं असतं तर आणखी एकदा ऐकून मी आले असते, हे त्याला ठाऊक आहे. टेबलावरचा माझा हात त्याने जरा वेळ धरला. पकडला गेल्यापासून पहिल्यांदाच. मी त्याचा हात थोपटत राहिले आणि वेळ संपली.

धाकट्या, त्या दुपारी वारा नव्हता. मी उठून दारापर्यंत गेले होते. तो पाठमोरा बसला होता. त्याच्या तोंडून ते नाव पुन्हा आलं आणि मला आणखी ऐकायचं नव्हतं, म्हणून मी दार हळूच ओढून घेतलं.

शनिवारी त्याला हे सांगायचंय. तू बरोबर येशील का?

तुझी ताई