लाँड्रीच्या चित्रपटाची वाटणी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे सदुसष्ट, व्यवसाय चित्रपट-संकलन, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. चित्रपटशाळेची पदवीही जोडणार होते, पण ती पाहून शुद्धीबद्दल उलट शंका यायची.

कलम १. राहत्या दोन खोल्या धाकट्या बहिणीला. मी शाळेत दाखल झाले तेव्हा ती म्हणाली होती, "ताई, सिनेमा बघायला तिकीट पुरतं. तुला पदवी कशाला?" चाळीस वर्षं उत्तर शोधलं, सापडलं नाही, खोल्या घे. आतल्या खोलीच्या भिंती मी कामासाठी काळ्या केल्या होत्या. हवा तो रंग दे.

कलम २. फिल्म कापायचं जुनं यंत्र शाळेच्या संग्रहालयाला. शाळेच्या माहितीपत्रकात नामवंत माजी विद्यार्थ्यांची यादी असते आणि शेवटी "आणि इतर". यंत्रावर पितळी पाटी लावावी: "इतरांकडून सप्रेम भेट."

कलम ३. दाढी. ही मालमत्ता नव्हे, माझा वर्गमित्र आहे. पहिल्या वर्षी त्याने दाढी राखली आणि तेवढ्यावर सगळे त्याला दिग्दर्शक म्हणू लागले. शाळेतून बाहेर पडल्यावर आम्ही दोघांनी मिळून एका रुग्णालयाच्या लाँड्रीतल्या बायकांवर चित्रपट केला. दोन वर्षं चित्रण, मग चौदा महिने मी एकटी काळ्या खोलीत. पोस्टरवर दिग्दर्शक म्हणून नाव एकच लागलं, त्याचं. बक्षीस घेताना तो व्यासपीठावरून म्हणाला, "ती माझे डोळे आहे." असेन. श्रेयनामावली लिहिताना त्याने ते मिटले होते, इतकंच.

पुढे त्याने अकरा चित्रपट केले. मी दुसऱ्यांचे कापत राहिले, स्वतःचा एकही केला नाही आणि त्याचं खापर त्याच्या डोक्यावर फोडत आले. सोयीचं होतं.

मागच्या महिन्यात तो घरी आला. लाँड्रीच्या चित्रपटाची मूळ निगेटिव्ह बुरशीने खाल्ली. धड प्रत फक्त माझ्याकडे.

"देतेस ना? माझं सिंहावलोकन ठेवलंय. सगळे चित्रपट दाखवणार आहेत."

"सिंहाला म्हणावं, मान पूर्ण वळव. मागे कोण उभं आहे ते बघ."

तो हसला नाही. "चुकलंच माझं," म्हणाला. "पण एक सांग. लाँड्रीतल्या मुकादमबाईंचा शेवटचा शॉट तू का काढलास? इतकी वर्षं विचारायचं राहून गेलं."

मी चहा टाकायला उठले. उत्तर खाली देत आहे.

कलम ४. चित्रपटाची प्रत लाँड्रीच्या मुकादमबाईंच्या मुलीला. ती आज त्याच लाँड्रीत काम करते. त्या शॉटमध्ये मुकादमबाई चादरीची घडी घालता घालता कॅमेऱ्याकडे वळतात आणि विचारतात, "आम्हाला दाखवाल ना हो?" कॅमेऱ्यामागून आवाज येतो, "नक्की." तो आवाज माझा आहे.

पहिल्या खेळाच्या निमंत्रितांची यादी आली, तिच्यात लाँड्रीतली एकही बाई नव्हती. यादी मी वाचली. दाढीला एका शब्दाने बोलले नाही. टेबलाशी बसले आणि तयार प्रतीतून तो शॉट कापून काढला. मुकादमबाई सहा वर्षांनी वारल्या, चित्रपट न बघताच. माझं श्रेय चोरलं गेलं, हे मी भेटेल त्याला ऐकवलं. हे मात्र कोणालाच नाही.

कलम ५. व्यवस्था पाहायला भाचीला नेमते. ती दातांची डॉक्टर आहे; दाढा उपटते, दाढीलाही सांभाळेल. कपाटाच्या खालच्या कप्प्यात पत्र्याच्या डबीत तो तुकडा आहे. तो प्रतीला परत जोडावा. पहिला खेळ लाँड्रीत, पाळी सुटल्यावर, त्यांच्याच चादरीवर. प्रोजेक्टर दाढीने स्वतः उचलून आणावा आणि जमिनीवर बसून बघावं. मग मुलीने दिली तर प्रत न्यावी. नाही दिली तर सिंहाने रिकाम्या हाताने परतावं.

जोडाची रेघ पडद्यावर दिसेल. दिसू द्यावी. माझा आवाज कमी करू नये.

सही: (मृत्युपत्र करणारी)

बाईंनी आम्हां दोघांच्या डोळ्यांदेखत सही केली आणि आम्ही त्यांच्यासमोर. आम्हाला यातलं काही मिळणार नाही, हे त्यांनी आधीच सांगितलं.

साक्षीदार १: शेजारचे घड्याळदुरुस्तीवाले (सही)
साक्षीदार २: निवृत्त प्रोजेक्टरचालक (सही)

स्थळ: राहतं घर, स्वयंपाकघरातलं टेबल
दिनांक: नऊ मार्च, दुपारी