तळ्याचं विधेयक आणि मी

मंगळवार, ३ मार्च

माझं आयुष्य बदललं ते आज सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी. नोंद असावी म्हणून लिहून ठेवतो. मी ऑफिसातल्या बोर्डावर लाल कार्ड टोचत होतो, टाचणी वाकली, मी टाचणीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, आणि मागून एक हात आला. त्या हातानं टाचणी काढून घेतली, टेबलाच्या कडेवर दाबून सरळ केली आणि कार्ड नीट टोचलं. म्हणाली, राग कार्डावर काढू नकोस, विधेयकावर काढ.

किती खोल बोलली! आठवडाभर तिच्या शेजारच्या टेबलावर बसतोय, पण असं मनातलं आजच बोलली.

तिच्या गळ्यात कायम दुर्बीण असते. म्हणून या वहीपुरतं तिचं नाव दुर्बीण. चार वर्षं गावाबाहेरच्या तळ्यावर पक्षी मोजतेय. मी अजून एकही नीट मोजलेला नाही, पण आवड आहे.

आमची संस्था पर्यावरणाची. चष्म्याच्या दुकानावर दोन खोल्या. माझं पद विधेयक निरीक्षक. (संस्था चालवणाऱ्या मॅडमनी नेमणुकीच्या पत्रात 'मदतनीस' लिहिलंय. टायपिंगची चूक असणार.) अधिवेशन वीस तारखेपर्यंत. तोवर झाडं, नद्या, तळी यांच्यावरची चार विधेयकं कुठवर आली ते बघायचं आणि बोर्डावर कार्डं सरकवायची. रकाने चार: मांडलं, चर्चेत, मंजूर, मेलं. चांगल्या विधेयकाला हिरवं कार्ड, वाईटाला लाल. लाल एकच आहे. तळ्याचं.

बुधवार, ४ मार्च

मॅडमनी कामगिरी समजावली. सध्या तळ्याच्या काठापासून दोनशे मीटरपर्यंत बांधकाम करता येत नाही. नवं विधेयक ते तीस मीटरवर आणणार. दुर्बिणीचं मचाण काठापासून सत्तर मीटरवर आहे! म्हणजे तिच्या मचाणावर कुणाचं तरी बाथरूम येणार. माझं रक्त तापलं. मॅडम म्हणाल्या, आधी ऐकून घे, मग ताप.

विरोधी बाजूचे एक आमदार, वकीलसाहेब, आमच्या बाजूनं दुरुस्ती मांडणार आहेत. राज्यातल्या एकेचाळीस तळ्यांना जुनेच दोनशे मीटर राहू द्या, अशी. तळ्यांची नावं, गट नंबर, हद्दी, सगळं टाइप करून, सह्या होऊन निळ्या फाइलीत तयार. ती एकुलती एक फाइल माझ्याकडे! तळ्याचं विधेयक दिवसाच्या यादीत दिसलं की वकीलसाहेबांना फोन करायचा आणि फाइल त्यांच्या हातात नेऊन द्यायची. यादी विधानभवनाच्या कागदपत्रांच्या खिडकीवर मिळते. मॅडम पुढे पुरवणी यादीबद्दलही बरंच काही बोलल्या. दुर्बीण तेव्हा केस बांधत होती. मुद्दा मात्र कळला मला.

निश्चय: रोज साडेनऊला खिडकीवर हजर. अजिबात चिडायचं नाही. अधिवेशन संपायच्या आत तिला सांगून टाकायचं.

गुरुवार, ५ मार्च

खिडकीवर झालं ते असं. आत एक काका बसतात. स्वेटर, दोन पेनं. त्यांनी पासचा फॉर्म दिला. त्यात 'शिक्षण' असा रकाना. मी लिहिलं, चालू. काका म्हणाले, चालू तर कॉलेजचं ओळखपत्र दाखवा. मी म्हटलं, नाहीये. मग चालू कसं? मी म्हटलं, शिक्षण आयुष्यभर चालूच असतं. काका म्हणाले, वा, मग आयुष्याचं ओळखपत्र दाखवा.

मागच्या रांगेतले हसले. तिघेजण.

मी कॉलेज अर्धवट सोडलेलं नाही. तिसऱ्या वर्षाला हजेरीवरून सरांशी मतभेद झाले आणि कॉलेजनं मला गमावलं. हे काकांना शांतपणे सांगितलं. शांतपणेच, फक्त आवाज जरा वर गेला. शेवटी म्हटलं, तुमच्या या खिडकीचं तोंड पुन्हा बघणार नाही! काका म्हणाले, खिडकी आहे, तोंड माझं आहे. पुढचा या.

चिडलो असं म्हणता येणार नाही. तत्त्वाचा प्रश्न होता.

शुक्रवार, ६ मार्च

उपाय सापडला. यादी वेबसाइटवरही येते! सकाळी साडेनऊलाच. खिडकी, रांग, स्वेटर, कशाचीही गरज नाही. जग कुठे चाललंय आणि काका कुठे बसलेत. विधानभवनासमोरच्या वाचनालयात पंख्याखाली बसून मोबाइलवर बघितली. तळ्याचं विधेयक नाही. ऑफिसात येऊन जाहीर केलं, नाही. मॅडमनी विचारलं, खिडकीवर गेला होतास ना? म्हटलं, तिकडूनच येतोय. समोरूनच येत होतो, खोटं कसं म्हणणार?

सोमवार, ९ मार्च

दुर्बिणीनं विचारलं, पुरवणी आली का? रोज विचारते! आज तिसरी वेळ. डोळ्यांत काळजी. माणूस बोलायला निमित्त शोधतो तेव्हा असंच काहीतरी विचारतो. मी ठामपणे म्हटलं, नाही आली, तू निर्धास्त राहा. ती म्हणाली, नक्की ना? मी म्हटलं, माझ्यावर भरवसा नाही? ती आपल्या टेबलाकडे वळली. लाजली.

दुपारी पर्यावरणमंत्र्यांना पत्र लिहिलं. चार पानी. 'तळी आटतील, पण आमचा संताप आटणार नाही' हे वाक्य विशेष जमलंय. पोस्टात टाकलं.

मंगळवार, १० मार्च

मॅडम मला तोफ म्हणतात. कौतुकानं. आज म्हणाल्या, तोफ, जरा कमी बोल आणि जास्त बघ. म्हणजे निरीक्षक हे पद त्यांनाही मान्य झालं.

दुर्बीण जेवण उरकून दीडला बाहेर गेली ती चारला आली. कुठे गेली होतीस, विचारलं. म्हणाली, काम होतं. माझ्याकडे बघितलंही नाही. भावना लपवायला माणसाला दूर जावंच लागतं.

गुरुवार, १२ मार्च

सकाळी ९.३२. यादीत आहे! नऊ नंबरला!! वकीलसाहेबांना फोन. फाइल घेऊन विधानभवनाच्या मोठ्या गेटवर धावलो. ते बाहेर आले, म्हणाले, अहो दम खा, नऊ नंबर आहे, संध्याकाळपर्यंत लागेल. फाइल तुमच्याकडेच ठेवा, माझ्या गाडीत कागद हरवतात. गेटवर उभा राहिलो, सात तास. पाय भरून आले. पाचला सभागृह उठलं. सात नंबरपर्यंतच पोचले होते.

दुर्बीण बाहेर भेटली. इकडे कशी, म्हटलं. म्हणाली, अशीच. सात तास माझी वाट बघितली बिचारीनं!

शुक्रवार, १३ मार्च

यादीत नाही.

सोमवार, १६ मार्च

आजही नाही. विचार केला. काल-परवापर्यंत नऊ नंबरला असलेलं विधेयक अचानक गायब कसं होतं? मंत्र्यांना गेलेलं नऊ तारखेचं पत्र. म्हणजे माझं. पोस्टाला तीन दिवस धरले की बारा तारीख. हिशेब चोख बसतो. घाबरले!

दुपारी सगळ्यांसमोर लाल कार्ड 'मेलं'च्या रकान्यात टोचलं. टाचणी वाकली नाही. मॅडमनी विचारलं, कुणी सांगितलं? म्हटलं, सूत्रांनी. मॅडम बराच वेळ बोर्डाकडे बघत राहिल्या. भारावल्या असाव्यात. दुर्बीण पर्स उचलून बाहेर गेली. दीड वाजला होता.

मंगळवार, १७ मार्च

ताईला सगळं सांगितलं. ताई हॉस्पिटलात नर्स आहे, भावनांशी तिचा संबंध इंजेक्शनापुरता. म्हणाली, तिनं तुला एवढ्यात एकदाही चहा पिऊया म्हटलंय? मी म्हटलं, आमचं नातं चहाच्या पुढचं आहे. म्हणाली, म्हणजे चहाशिवायचं. मग म्हणाली, तिचा फोन आला की तू पहिल्या रिंगच्या आत उचलतोस, जरा किंमत ठेव स्वतःची, गाढवा.

गाढव सोडून बाकीचं पटलं.

बुधवार, १८ मार्च

उद्या वाचनालयात बसून मजकूर पक्का करायचा, परवा शेवटच्या दिवशी तिला द्यायचा. साधं पत्र नको. आपल्या व्यवसायाला शोभेल असं हवं. विधेयकाच्या रूपात! उद्दिष्टे व कारणे: तुझं हसणं. खंड एक, संक्षिप्त नाव: तू व मी (एकत्रीकरण) अधिनियम. खंड दोन, व्याप्ती: संपूर्ण आयुष्य. खंड तीन: हा तत्काळ अंमलात येईल. दंडाचं कलम घालावं की नाही यावर विचार चालू आहे.

कागद चुरगळू नये म्हणून निळ्या फाइलीत ठेवला. फाइलीचा आता तसाही उपयोग नाही. तरी पिशवीत असते. जबाबदारी ती जबाबदारी.

गुरुवार, १९ मार्च

दु. २.२१. वाचनालय. तिचा फोन! उचलला नाही. किंमत.

२.२२. पुन्हा.

२.२४. पुन्हा. माझ्या मजकुराची कुणकुण लागली की काय?

२.३१. एकूण सात मिस्ड कॉल. सात! ताईला दाखवायला फोटो काढून ठेवला. मॅडमचेही दोन. मॅडमना मध्ये घातलं म्हणजे प्रकरण गंभीर आहे.

२.४०. मेसेज आला. उघडला नाही. उघडला की तिला निळी खूण दिसते. पुरुषानं थोडं थांबावं.

३.१०. फोन शांत. खंड चार लिहून झाला. सुंदर.

३.१५. मेसेज उघडला.

'पुरवणीत आलंय. फाइल घेऊन ये. पळ.'

३.१८. गेटवर पोचलो. पळतच. वकीलसाहेब पायऱ्या उतरत होते. माझ्याकडे बघितलं, मग फाइलीकडे बघितलं. हळूच माझ्या खांद्यावर थोपटलं. एखाद्याच्या घरी वाईट घडल्यावर थोपटतात तसं.

शुक्रवार, २० मार्च

सगळं लिहून काढतो. मॅडमनी शांतपणे सांगितलं. ओरडल्या असत्या तर मीही ओरडलो असतो, तीही सोय ठेवली नाही.

पुरवणी यादी म्हणजे दुपारी ऐनवेळी निघणारी जास्तीची यादी. गुपचूप उरकायची विधेयकं तिच्यातच घालतात. वेबसाइटवर ती दुसऱ्या दिवशी येते. त्या दिवशी मिळते ती फक्त खिडकीवर. हे मला चार तारखेला सांगितलं होतं म्हणे.

नऊ तारखेला दुर्बीण सहज खिडकीवर गेली होती. काकांनी तिला विचारलं, तुमचा तो मुलगा हल्ली येत नाही, बरा आहे ना? तेव्हापासून ती रोज दीड ते चार त्या खिडकीसमोर उभी होती. मॅडम म्हणाल्या, तुला कळू दिलं नाही, म्हटलं तोफ उडेल आणि फाइल पोचवायचं कामही बंद पडेल.

काल दोन वीसला काकांनी खिडकीतून यादी बाहेर सरकवली. चार नंबरला तळ्याचं विधेयक. फाइल माझ्या पिशवीत, मी वाचनालयात, मध्ये एक रस्ता. तिनं सात फोन केले. मग काकांनी स्वतःचं पेन आणि कोरा कागद दिला आणि तिनं खिडकीच्या कठड्यावर उभ्याउभ्या दुरुस्ती हातानं लिहिली. गट नंबर आणि हद्दीसकट. एकेचाळीस तळी कुणाला पाठ असतात? तिला नऊ आली. ज्यांच्यावर ती स्वतः पक्षी मोजायला जाते ती. वकीलसाहेबांनी त्याच कागदावर सही केली, आत जाऊन मांडली. मंत्र्यांना घाई होती, नऊ तळ्यांना हो म्हणाले. सहा मिनिटांत विधेयक मंजूर.

तिचं तळं वाचलं. मचाण राहील.

बत्तीस तळी माझ्या पिशवीत राहिली.

हे ऐकल्यावर मी उठून सांगितलं की वेबसाइटवाल्यांवर खटला भरला पाहिजे. मॅडमनी खुर्चीकडे बोट केलं. मी बसलो.

मग दुर्बिणीनं फाइल मागितली. पुढच्या अधिवेशनाला उरलेल्या तळ्यांसाठी नवा मसुदा करायचाय, तोवर काठ खोदला गेला नाही तर. मी फाइल दिली. दिल्यावर आठवलं. पण तिनं उघडलीच होती. सगळ्यात वरचा कागद तिनं वाचला. चारही खंड वाचले, वेळ घेऊन, ती सगळं नीटच वाचते. मग त्याची घडी घालून माझ्यापुढे धरली आणि म्हणाली, हा कागद यातला नाही.

रागानं म्हणाली असती तरी चाललं असतं. तशी नव्हती म्हणाली. चुकून आलेला कागद परत करतात, तसं.

मी बोर्डाजवळ गेलो. लाल कार्ड 'मेलं'मधून काढलं, 'मंजूर'मध्ये टोचलं. खाली पेन्सिलीनं नऊ लिहिलं. बत्तीस कुठे लिहायचं ते कळेना, तसा रकानाच नाही. तिला म्हटलं, मी नावं वाचून दाखवतो, तू टाइप कर, लवकर होईल. ती म्हणाली, नको, मी वाचते, मॅडम टाइप करतील. तू घरी जा, जेवला नसशील. जेवलो नव्हतो. हेही तिला कळतं. पूर्वीचा मी असतो तर या वाक्यावर अर्धं पान लिहिलं असतं.

तिनं वाचायला सुरुवात केली. दहावं तळं, त्याचा गट नंबर, पूर्वेला काय, पश्चिमेला काय. अकरावं. मॅडमच्या टाइपरायटरसारख्या वाजणाऱ्या कीबोर्डची टकटक. मधेच एका नावावर ती थांबली, म्हणाली, इथे मी कधी गेलेच नाही.

मी पिशवी उचलली, बाहेर आलो. आता चष्म्याच्या दुकानाच्या जिन्यावर बसून हे लिहितोय. येताना दार लावून घेतलं. अगदी हळू, कडी वाजू न देता, कारण आत ती चौदाव्या तळ्यापर्यंत पोचली होती.